कच्चं लिंबू

लेस्टर,
१६ मार्च २०२५

ती. आईस,


होळीच्या पुरणपोळ्या झाल्या. फुटल्या चारच. दोन शेजारच्या इंग्रज आजींना नेऊन दिल्या. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, "फ्रॉम स्क्रॅच?"

स्क्रॅच म्हणजे ओरखडा, एवढंच मला ठाऊक. नॉनस्टिक तव्याचं काहीतरी पोळीला लागलं असणार! मी घाईघाईने म्हटलं, "सॉरी, तवा जुना झालाय." आजी माझ्याकडे बघतच राहिल्या.

घरी आल्यावर हे पोट धरून हसले. मग समजावायला बसले. अशी संधी त्यांना क्वचित मिळते. स्क्रॅच म्हणजे जमिनीवर ओढलेली रेघ. पूर्वी शर्यतीत कच्च्या लिंबांना थोडं पुढून सोडायचे, पट्टीच्या गड्याने मात्र रेघेवरूनच सुटायचं. मुष्टियुद्धातही रेघ असे. लंडनच्या १८३८ च्या नियमांत खाली पडलेल्याला ३० सेकंद उसंत, आणि पुढच्या ८ सेकंदांत कुणाचाही आधार न घेता रेघेपाशी हजर! नाही आला, तर हरला.

ही रेघ पुढे स्वयंपाकघरातही शिरली. इथे केकचं पीठ खोक्यात तयार मिळतं. अंडी, तेल, पाणी घालून ढवळलं की भट्टीत. तेव्हा ज्या बाईने मैदा, साखर, लोणी स्वतः मोजून घेतलं, ती रेघेवरून सुटली म्हणायची. आपल्याकडे श्रीगणेशा आहे, पण तो खोक्यातल्या केकचाही होतो. आपण फक्त "विकतचं" म्हणून नाक मुरडतो; बाकीचं घरचं असतं, त्याला वेगळं नाव कशाला?

दुसऱ्या दिवशी आजींना ऐटीत सांगून आले, "येस, फ्रॉम स्क्रॅच." परत येताना तू आठवलीस. गहू निवडून, ऊन दाखवून गिरणीत नेणारी, कणीक वस्त्रगाळ करणारी. माझी कणीक पाकिटातली, डाळ बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानातली, आणि पुरण चक्क मिक्सरमधून काढलेलं. तुझ्या रेघेवर मी कच्चं लिंबूच.

आता आजींना पोळ्या शिकायच्या आहेत, अगदी रेघेवरून. मिक्सर त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. तेव्हा बाबा मे महिन्यात येतील, त्यांच्याबरोबर पुरणयंत्र पाठव. जाळी बारीकच बघ.

तुझी लेक