चाळीतला शाप, किंमत ३ रुपये १५ पैसे

सांगू नये, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही! गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या सोज्ज्वळ चाळींत एके काळी भल्याभल्यांना परक्या माणसांची पत्रं यायची. तीही उघडी, पोस्टकार्डावर! खाली सही नाही, मागे पत्ता नाही. अक्षर बहुधा सातवी-आठवीतल्या पोराचं. वर 'जय संतोषी माँ' आणि खाली थेट हुकूम: हे पत्र मिळताच अशीच २१ पत्रं लिहून २१ जणांना धाडा. एकाने धाडली, त्याला लॉटरी लागली. दुसरा हसला, त्याचा धंदा बसला. तिसऱ्याने पत्र फाडलं, आणि त्याचं पुढे काय झालं ते गॅलरीत मोठ्याने वाचायचीही सोय नव्हती.

१९७५ साली 'जय संतोषी माँ' सिनेमा आला. लोक थिएटरबाहेर चपला काढून आत शिरू लागले. गूळ-चण्याचा प्रसाद घरोघर पोचला, शुक्रवारी आंबट बंद झालं. आता सांगा, लालबागच्या कोकणी घरात सोलकढी नाही म्हणजे काय साधी गोष्ट? त्या भक्तीच्या लाटेवर ही पोस्टकार्डं स्वार झाली. कधी संतोषी माता, कधी तिरुपतीचा बालाजी, कधी शिर्डीचे साईबाबा. देव बदलायचे, धमकी तीच.

खरी गंमत चाळीत व्हायची. पोस्टकार्ड म्हणजे काय झाकली मूठ? पोस्टमनच्या हातून ते तळमजल्यावर पडायचं आणि मालकाच्या हाती जाईपर्यंत निम्म्या बिऱ्हाडांनी वाचलेलं असायचं. मग वाद: शाप कुणाला? ज्याचं नाव पत्त्यात आहे त्याला, की ज्याने आधी वाचलं त्याला? दुसरं खरं धरलं, तर परळचे सगळे पोस्टमन केव्हाच निकालात निघायला हवे होते! पण ते बिचारे दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, हातात आणखी चार कार्डं घेऊन. काही महाभाग तर साध्या पुठ्ठ्यावर मजकूर खरडून तिकीट न लावताच डब्यात टाकायचे. पत्र बैरंग. म्हणजे दुप्पट पैसे मोजून स्वतःच्याच घरावरचा शाप सोडवून घ्यायचा. आता बोला!

आणि लिहीत कोण होतं? विचारू नका! बँकेतले साहेब, शाळेतले गुरुजी, सभेत विज्ञाननिष्ठेवर तासभर बोलणारे काका. गॅलरीत उभं राहून 'काय हा खुळेपणा' म्हणायचं आणि रात्री दार लोटून पोरांना ओळीने लिहायला बसवायचं. पत्ते कुठले? टेलिफोन डिरेक्टरी, ज्ञातीची यादी, जुन्या लग्नपत्रिका. ज्याच्याशी उभ्या जन्मात बोललो नाही, त्याच्या दारात आपलं संकट नेऊन ठेवायचं आणि सकाळी देवाला फूल वाहायचं!

ऐंशीच्या दशकात पोस्टकार्ड १५ पैशांना होतं. २१ कार्डांचे झाले ३ रुपये १५ पैसे. सगळी मेख इथेच आहे. शंभर रुपये मागितले असते, तर त्याच साहेबांनी कार्ड फाडून कंदील केले असते. पण तीन रुपयांत पोराबाळांच्या जिवाचा विमा उतरत असेल तर कोण कशाला जोखीम घेईल? १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले. तेव्हा गिरणगावात ही रक्कमही जड होती, पण भीतीला उधारी चालत नाही.

गणित कुणी केलंच नाही. प्रत्येकाने इमानाने २१ धाडली, तर सातव्या फेरीला १८० कोटी पत्रं होतात. १९८१ च्या जनगणनेत अख्खा देश ६८ कोटींचा! म्हणजे देवीचा हुकूम मोडणारे कोट्यवधी होते, आणि ते सुखाने जेवत होते. हे खूळ फक्त आपलंच, असंही समजू नका. अमेरिकेत डेन्व्हर शहरात १९३५ साली दहा-दहा सेंट मागणाऱ्या साखळीपत्रांनी टपाल कचेरीला घाम फोडला होता. आपल्याकडे १९७८ च्या कायद्याने पैशांच्या साखळ्यांवर बंदी आली. आशीर्वादाच्या साखळ्यांना मात्र कुणी हात लावला नाही.

फायदा कुणाचा झाला? टपालखात्याचाही नाही. कार्ड पोचवण्याचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त, म्हणजे प्रत्येक शापामागे सरकारला खोट! हात धुऊन घेतले ते 'पाचशे पत्रकं छापून वाटा' या पुढच्या आवृत्तीत, छापखानेवाल्यांनी.

आता तीच मंडळी फोनवर 'हा संदेश ११ जणांना पाठवा' म्हणतात. २०१८ साली व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलण्याची मर्यादा घातली. देवीला २१ लागायचे, कंपनीने पाचात भागवलं, आणि कोप झाल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

तेव्हा निकाल सरळ आहे: ज्याला स्वतःचं नाव खाली लिहायची हिंमत नाही, त्याचा हुकूम पाळायचा नाही. पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळतं. हौसच असेल तर एखाद्या ओळखीच्या माणसाला लिहा, आणि खाली सही करा.