मूळ टेप दाखवा, मग पैसे मागा

द. वि. पलुसकर गेले तेव्हा ३४ वर्षांचे होते. २८ मे १९२१ला नाशकात जन्म, २६ ऑक्टोबर १९५५ला मृत्यू. वडील विष्णु दिगंबर गेले तेव्हा पोर दहा वर्षांचं. पुढची तालीम विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांची. पहिली तबकडी १९४४ची. म्हणजे ध्वनिमुद्रणाला पलुसकरांच्या वाट्याला उणीपुरी अकरा वर्षं आली. त्या अकरा वर्षांत जे टिपलं गेलं तेवढंच आपल्या हाती आहे. सिनेमामुळे ज्यांना ते ठाऊक आहेत, त्यांना १९५२च्या ‘बैजू बावरा’तली अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी आठवेल.

अशा गवयाच्या तबकडीवर कोणी ‘रिमास्टर्ड’ असा शिक्का मारून ती पुन्हा विकायला काढतो, तेव्हा निदान नाशिक जिल्ह्यातल्या माणसाने तरी डोळे झाकून खिशात हात घालू नये. तो शिक्का मारायला कोणाची परवानगी लागत नाही. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश किती हे छापावंच लागतं. गाण्याच्या बाबतीत काय केलं, कशावरून केलं, कोणी केलं, हे सांगायचं बंधन कोणावरच नाही.

मग घ्यावं की नाही? मूळ टेप कुठली, हे कंपनी सांगत असेल तर जरूर घ्या, दोन पैसे जास्त देऊन घ्या. सांगत नसेल तर एक रुपयाही देऊ नका. आणि घरातली जुनी प्रत कोणत्याही परिस्थितीत टाकू नका.

आमच्या दिंडोरीत हे बोलायची वेळ आली आहे, कारण घरं बदलताहेत. बाग साधलेल्या वर्षी जुनं कौलारू घर उतरतं, स्लॅब पडतो, आणि माळा रिकामा करताना कॅसेटींचा खोका बाहेर येतो. भीमसेनजींची अभंगवाणी, बाबूजींचं गीतरामायण, प्रल्हाद शिंदे, चैत्राच्या यात्रेत वणीच्या गडावरून आणलेली सप्तशृंगीची गाणी. शिवाय दुकानात यादी देऊन भरून घेतलेल्या कॅसेटी, ज्यांच्या कागदावर बॉलपेनने गाण्यांची नावं आहेत आणि शेवटचं गाणं अर्ध्यात तुटतं. घरातलं पोरगं म्हणतं, ‘आबा, हे सगळं मोबाईलवर आहे, तेही रिमास्टर्ड. द्या भंगारवाल्याला.’ आबांनी देऊ नये.

आधी रिमास्टरची बाजू, कारण ती खरी आहे. स्टुडिओत गाणं ज्या टेपवर उतरायचं ती सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावायची, निदान १९. आपल्या घरातली कॅसेट धावते पावणेपाच सेंटिमीटरने, आणि तिची पट्टी असते बोटाच्या नखाहूनही अरुंद. वेग कमी, पट्टी बारीक, की आवाज दबतो आणि मागे सूं सूं वाढते. म्हणजे अभंगातल्या टाळांची किणकिण, तबल्याच्या चाटेवरचा नेमका आघात, ओळ संपताना गायकाने घेतलेला श्वास, हे मूळ टेपवर असतं आणि आपल्या कॅसेटपर्यंत पोचता पोचता पुसट होतं. कोणी ती मूळ टेप शोधून, नीट जुळवलेल्या यंत्रावर वाजवून नवी प्रत काढली, तर वीस-तीस वर्षं ऐकलेल्या गाण्यात आपल्याला कधीच न ऐकू आलेलं काही सापडतं. त्या कामाला पैसे द्यायलाच हवेत. ते कष्टाचं काम आहे आणि ते करणारे थोडे आहेत.

मूळ टेप सापडलीच नाही, आणि गोदामातल्या एका घासलेल्या तबकडीवरून काम उरकलं, तर शिक्का मात्र तोच.

७८च्या तबकड्यांचं तर फारच जपून करावं लागतं. त्यांची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन घासते, गाणं राहतं भिंतींवर आणि सुई उचलते तळाची खरखर. त्यासाठी वेगळी, जाड टोकाची सुई लागते. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांच्या होत्या असंही नाही. वेग सहा टक्क्यांनी चुकला की काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गायला लागतो. आवाज बारीक होतो, तानेची गती खोटी होते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की जुने लोक असेच गात असावेत. सुई कोणती आणि वेग कसा ठरवला, हे दोन ओळींत छापता येतं. छापत नाहीत.

आणि मग येतो खरखर काढण्याचा सोस. माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे. खरखर काढणारं सॉफ्टवेअर आधी ‘सतत येणारा आवाज’ शोधतं आणि तो वजा करतं. तबकडीची खरखर सतत असते, हे खरं. पण आपल्या गाण्यात आणखी एक गोष्ट पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सतत असते. तानपुरा. यंत्राला दोन्ही सारखेच. कान लावून ऐका: गवई आलाप घेतोय तोवर मागे तानपुऱ्याची पुसट झणझण आहे. त्याने स्वर सोडला की झणझण एकदम गुडुप होते, जणू कोणी दार लावलं. पुन्हा षड्ज लागला की दार किलकिलं होतं आणि तानपुरा परत येतो, पण पाण्याखालून आल्यासारखा, बुडबुड करत. अशा प्रती मी ऐकल्या आहेत. ज्या स्वराच्या आधाराने माणूस गायला तोच काढून घ्यायचा आणि वर ‘क्रिस्टल क्लिअर’ म्हणून विकायचं, हा गायकाचा अपमान आहे. तीन मिनिटांच्या तबकडीत पलुसकरांनी राग उभा केला तो तानपुऱ्याच्या जोरावर. खरखर राहू द्या. कान दोन मिनिटांत तिला बाजूला सारतो. गेलेला तानपुरा कानाला परत आणता येत नाही.

दुसरी खोड आवाज मोठा करण्याची. गाण्यातला हळू भाग वर चढवायचा, जोरातला दाबायचा, म्हणजे सगळं एकाच पातळीवर ठणठणतं. जगभर हे झालं. २००८ साली मेटालिका या रॉक बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी आवाज फाटतोय म्हणून तक्रारी केल्या, आणि एका व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी अधिक मोकळी ऐकू येतात हे दाखवून दिलं. रॉकवाल्यांना जे सोसलं नाही ते आमच्या अभंगाला कसं सोसावं? अभंग हळू सुरू होतो, टाळ वाढत जातात, गजर टिपेला जातो. ती चढणच काढून टाकली तर उरतं काय? दुकानात किंवा मोबाईलवर नवी प्रत पहिल्यांदा ऐकताना ती सरस वाटते, कारण ती नुसती मोठी असते. मोठा आवाज माणसाच्या कानाला आधी चांगलाच वाटतो. म्हणून दोन्ही प्रती वाजवून आधी आवाज सारखा करा, मग तुलना करा. पुष्कळदा जुनीच जिंकते.

जुन्या गाण्यावर नवे ढोल-ताशे चढवलेल्या ‘झंकार’ कॅसेटींबद्दल बोलत नाही. ते रिमास्टर नव्हेच.

गीतरामायणाची गोष्ट निराळी. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं. वर्षभरात ५६ गीतं झाली. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या म्हणजेच फडक्यांच्या चाली, पण आवाज अनेकांचे: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर आणि आणखी कितीतरी. आपल्या माळ्यावरच्या कॅसेटीत मात्र सगळी गीतं एकट्या बाबूजींच्या आवाजात आहेत, आणि ती मुद्रणं नंतरची. दोन्ही थोर, पण दोन्ही वेगळी. तेव्हा ‘ओरिजिनल गीतरामायण, रिमास्टर्ड’ अशी पाटी दिसली की पहिला सवाल हाच: यातलं कुठलं? रेडिओवरच्या त्या बहुविध आवाजांची काळजीपूर्वक काढलेली प्रत मिळणार असेल तर मी रांगेत सगळ्यात पुढे उभा राहीन.

प्रत कशावरून काढली हे सांगणं अशक्य आहे, असं कोणी म्हणू नये. सिनेमावाले सांगतात. श्याम बेनेगलांचा १९७६चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून उभा केला होता. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो दुरुस्त केला आणि २०२४ला कान महोत्सवात दाखवला. चित्र कशावरून घेतलं? पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात असलेल्या मूळ निगेटिव्हवरून. आवाज? जपून ठेवलेल्या प्रिंटवरून. काम कुठल्या प्रयोगशाळांत झालं? चेन्नई आणि बोलोन्या. हे सगळं त्यांनी जाहीर सांगितलं. आवाज मूळ निगेटिव्हवरून नाही, हे कबूल करताना त्यांची मान खाली गेली नाही, उलट विश्वास वाढला. अभंगवाणीच्या नव्या प्रतीवर अशा चार ओळी छापायला किती शाई लागते?

आणि ग्राहकाने विचारलं तर फरक पडतो. अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी ही नामांकित कंपनी जुन्या अल्बमच्या महागड्या एलपी काढते. मूळ टेपवरून थेट तबकडी, मध्ये संगणक नाही, असं गिऱ्हाईक समजून होतं. २०२२ साली फीनिक्समधल्या एका रेकॉर्डच्या दुकानदाराने विषय काढला आणि कंपनीच्या इंजिनिअरांनी कबूल केलं की मध्ये डिजिटल टप्पा असतो, आणि तोही काही वर्षांपासून. खटला झाला, अडीच कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या एलपी ऐकायला उत्तमच होत्या, जाणकारांनीही त्यांची तारीफ केली होती. तरी लोक भांडले, कारण त्यांना खरं सांगितलं नव्हतं. ते भांडण मला शंभर टक्के पटतं.

आपल्याकडे भांडायची वेळ अजून एका कारणाने आली आहे. आता ‘विकत घेणं’ म्हणजे महिन्याची वर्गणी. त्यात गाणं आपलं होत नाही. काल ऐकलेली प्रत कंपनी आज काढून घेते, त्याच नावाखाली, त्याच चित्राखाली नवी ठेवते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तानपुरा कापलेली प्रत हीच जगातली एकमेव प्रत होऊन बसते. नातवंडं तीच ऐकणार आणि तेच पलुसकर समजणार. तुमच्या माळ्यावरचा खोका म्हणूनच महत्त्वाचा. त्यातली कॅसेट कोणी दूरवर बसून बदलू शकत नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. पलुसकरांच्या हयातीत निघालेल्या सगळ्या तबकड्यांवरचा हा हक्क २०१५च्या अखेरीस संपला. रागातल्या जुन्या बंदिशी आणि तुलसीदास-मीरेची भजनं यांवर कोणाची मालकी नाही. म्हणजे नाशिकमधल्या एखाद्या संगीत विद्यालयाने, वाचनालयाने किंवा चार रसिकांनी मिळून चांगल्या स्थितीतल्या तबकड्या गोळा कराव्यात, योग्य सुईने वाजवाव्यात, कुठली तबकडी, कुठला क्रमांक, काय वेग हे लिहावं आणि लोकांपुढे ठेवावं. त्याला कोणी अडवू शकत नाही. आकाशवाणीची जी मुद्रणं पलुसकरांच्या मागे पुष्कळ वर्षांनी बाहेर आली त्यांची मुदत वेगळी, आणि गीतरामायणाच्या तर शब्द-चालींचे हक्कही अजून चालू आहेत. तिथे विचारूनच काम करावं लागेल. पण पलुसकरांच्या भजनांसाठी कंपनीच्या तोंडाकडे बघायची काही गरज नाही. ज्या जिल्ह्यात ते जन्मले तिथून हे काम निघालं नाही तर दुसरं कोण करणार?

तोवर घरच्या खोक्याचं करा. दिवाळीआधी, दुपार मोकळी बघून. चालू स्थितीतला एक डेक मिळवा, हेड स्पिरिटने पुसा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट लगेच वाजवू नका, आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेली वेटोळी सुटतात. आत पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालूच नका, जाणकाराकडे न्या. डेकची तार संगणकाला जोडून दोन्ही बाजू सलग उतरवा, वेव्ह फाईलमध्ये, एमपी-थ्रीमध्ये नव्हे. खरखर काढायचं बटण दिसेल. त्याला हात लावू नका. काढायचीच असली तर वेगळ्या प्रतीत काढा, पहिली तशीच राहू द्या. फाईलला नाव देताना कॅसेटवरचा क्रमांक, कंपनी आणि कागदावर बॉलपेनने लिहिलेलं सगळं टाका. मग ती फाईल दोन ठिकाणी ठेवा, आणि कॅसेट परत खोक्यात.