डेडिकेटेड सर्व्हर घेऊ पाहणाऱ्या वाढवणकरांसाठी प्राथमिक सूचना

सूचना १. वाढवणात कुठलाही विषय काढा, दोन मिनिटांत गाडी बंदरावर येते. तेव्हा ते आधी उरकून घ्या. ७६ हजार कोटींच्या वरचा खर्च, हजार-हजार मीटरची ९ कंटेनर टर्मिनलं, १९ जून २०२४ ची केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, आणि समोरून ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’. हा वाद मिटल्यावर सर्व्हर घेऊ म्हणाल तर नातवाला घ्यावा लागेल.

सूचना २. सर्व्हर घरी ठेवू नका. डहाणूच्या औष्णिक केंद्राची क्षमता ५०० मेगावॉट आहे खरी, पण ती वीज मुंबईला जाते. आपल्याकडे ती नुसतीच जाते. शिवाय खारा वारा लोखंडाचं काय करतो, हे समुद्रकाठच्या माणसाला सांगायला नको. ऐरोली-महापेकडे डेटा सेंटरं आहेत, तिथे भाड्याने घ्या. डेडिकेटेड म्हणजे अख्खं मशीन तुमचं, त्यात दुसरा भाडेकरू नाही.

सूचना ३. विकणारा ‘३२ सीपीयू’ म्हणाला की मान डोलवू नका. मशीनवर लिनक्स असेल तर ‘एलएससीपीयू’ हा आदेश द्या आणि खालच्या ओळी वाचा. वर सीपीयू ३२ दिसतील. खाली मात्र सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, १, दर सॉकेटमागे कोअर १६, दर कोअरमागे थ्रेड २. म्हणजे काम करणारे १६च. हजेरीपटावर प्रत्येकाचं नाव दोनदा.

आता मुख्य प्रश्न: एकाच प्रोसेसरमध्ये पुष्कळ कोअर, की एका मदरबोर्डवर दोन प्रोसेसर? गावातला अनुभवी माणूस ‘दोन घे, दोन’ असं सांगेल. त्याचा सल्ला चुकीचा नाही, फक्त शिळा आहे. २००५ मध्ये एएमडी आणि इंटेलने दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आणले. त्याआधी बाजारातल्या साध्या सर्व्हरची ताकद वाढवायची तर दुसरा प्रोसेसरच बसवावा लागे. आज एएमडीच्या एपिक मालिकेत एकाच प्रोसेसरमध्ये १९२ कोअर मिळतात. तुमच्या चिकूच्या ऑर्डरींना इतके पुरावेत.

दोन प्रोसेसरांची गोम मेमरीत आहे. आपल्याकडच्या डायमेकरांना हे चटकन कळेल. एका कारखान्यात आठ कारागीर बसले आहेत, छिन्न्या-कानशी हाताशी आहेत. हे झालं मल्टिकोअर. आता चार कारागीर वाढवणात आणि चार वरोरला बसवा, हत्यारंही निम्मी-निम्मी वाटा. वाढवणवाल्याला हवी ती छिन्नी नेमकी वरोरला निघते. जाऊन आणायची, तोवर ठसा तसाच. प्रत्येक प्रोसेसरची मेमरी त्याच्या शेजारी असते. पलीकडची हवी असेल तर मधल्या जोडणीवरून जावं लागतं आणि वेळ जातो. याला ‘न्यूमा’ म्हणतात. विकणारा हा शब्द स्वतःहून काढणार नाही, तुम्ही काढा. चेहरा बघण्यासारखा होतो.

सूचना ४. कोअर मोजण्याआधी प्रोग्रॅम बघा. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभारला तो ६४ प्रोसेसर जोडूनच, पण तिथे काम वाटून देणारे प्रोग्रॅम मुद्दाम लिहिले होते. तुमचा बिलिंगचा प्रोग्रॅम तसा लिहिलाय का? ‘एचटॉप’ उघडा, त्यात दर सीपीयूची एक पट्टी दिसते. एक पट्टी भरून वाहतेय आणि बाकीच्या ३१ रिकाम्या, तर आणखी कोअर घेऊन रिकाम्या पट्ट्याच वाढतील. संगणकतज्ज्ञ अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्येच दाखवलंय: कामाचा दहावा हिस्सा वाटता येत नसेल, तर हजार कोअर लावले तरी वेग दहापटीच्या वर जात नाही. अशा प्रोग्रॅमला कमी पण वेगवान कोअर घ्या. स्वस्तही पडेल, कारण विंडोज सर्व्हरचा परवाना कोअरवर मोजतात; किमान १६ कोअरचे पैसे मात्र भरावेच लागतात.

सूचना ५. ‘एक प्रोसेसर गेला तरी दुसरा आहेच’ या समजुतीवर कुणाशी पैज लावू नका. मदरबोर्ड एक, ऑपरेटिंग सिस्टिम एक. चालता प्रोसेसर गेला की बहुधा सगळंच थांबतं. व्हायरसला तर प्रोसेसर किती याच्याशी देणंघेणंच नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले, तेव्हा जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनलही अडकलं. राखीव हवं असेल तर दुसरं मशीन घ्या, दुसऱ्या ठिकाणी, आणि बॅकअप नेटवर्कपासून तोडून ठेवा.

मग दोन प्रोसेसर घ्यायचे कुणी? एका सॉकेटला लावता येते तेवढी मेमरीही ज्यांना पुरत नाही, किंवा एकाच मशीनमध्ये शेकडो व्हर्च्युअल मशीन ठेवायची आहेत, त्यांनी. घेतलेच तर रॅमच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या भरून मागा. एकाच बाजूला भरून देणारे महाभाग आहेत. आणि दुसरं सॉकेट रिकामं ठेवून ‘पुढे वाढवता येईल’ असं कुणी सांगितलं, तर त्या मॉडेलचा प्रोसेसर तीन वर्षांनी कुठे मिळेल, हे त्याच्याकडून लिहून घ्या.