मेजरकाका

आमच्या एडिसनमध्ये एक मेजर राहतात. सैन्याशी त्यांचा संबंध इतकाच, की ऑगस्टमधल्या भारतीय परेडला ते उगाचच सगळ्यांच्या पुढे चालतात. तरी न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर भाजी घेणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, तो 'मेजरकाका' म्हटलं की ओळखेल आणि शक्य झालं तर रस्ता बदलेल. अमेरिकेत कॉलेजातल्या मुख्य विषयाला मेजर म्हणतात. तो कुणाच्या मुलानं कोणता घ्यावा, हे मुलानं किंवा त्याच्या आईबापांनी ठरवण्याआधी काकांचं ठरलेलं असतं. म्हणून हा हुद्दा.

"मग, पुढे काय?" असं काका विचारतात तेव्हा तो प्रश्न नसतो, प्रस्तावना असते. उत्तराला ते थांबत नाहीत. खिशातून फोन निघतो, फोनमधून एक्सेल शीट निघतं. त्यात आमच्या मराठी मंडळातली झाडून सगळी मुलं रंग लावून बसवलेली आहेत. हिरवा म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, पिवळा म्हणजे बायोलॉजी आणि लाल म्हणजे 'आईवडील बिचारे'.

काकांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे: "दार उघडं ठेवायचं!" बायोलॉजी घेतलं की मेडिकलचं दार उघडं, डेंटलचं उघडं, फार्मसीचंही उघडं. सगळीच दारं उघडी टाकली की घरात नुसता वारा भरतो, हे मात्र त्यांच्या गावीही नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत माझी भाची त्यांच्या तावडीत सापडली. भाड्यानं घेतलेल्या शाळेचा हॉल, हातात कागदी ताटली, ताटलीत फ्रीझरमधून थेट आलेला आणि मध्यभागी अजून गोठलेलाच असलेला मोदक. पोरगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला.

"मला नर्स व्हायचंय, काका."

काकांनी मोदक खाली ठेवला. "नर्सिंग? बरं. मग बाळा, बायोलॉजी घे."

"आमच्या कॉलेजात नर्सिंगला पहिल्याच वर्षी घेतात, ती गाडी माझी चुकली. आता कुठलीही पदवी पुरी करायची आणि मग अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन. म्हणजे नर्सिंगचीच पदवी, बारा ते अठरा महिन्यांची. त्यांना मेजर कुठलंही चालतं."

"चालतं आणि शोभतं यात फरक असतो!"

"ते मेजर बघत नाहीत काका, ठरावीक कोर्स बघतात आणि त्यातले मार्क." तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, लॅबसकट. मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, न्यूट्रिशन, माणसाच्या वाढीचं मानसशास्त्र, स्टॅटिस्टिक्स. आणि हे मार्कही श्रीखंडासारखे, बऱ्याच ठिकाणी पाच-सात वर्षांत शिळे होतात.

"नर्सला स्टॅटिस्टिक्स कशाला? इंजेक्शन काय सरासरी काढून देणार?"

"फ्लॉरेन्स नाइटिंगेलला विचारा. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले, हे तिनं 1858 साली आकृती काढून सरकारला दाखवलं. नुसता कंदील घेऊन फिरत नव्हती ती."

काकांचं उत्तर तयार होतं, पण तेवढ्यात वरणभाताच्या रांगेतून एका माउलीचा आवाज आला. "अहो मेजर, आमच्या चिरंजीवांना तुम्हीच बायोलॉजी सांगितलंत ना? ऑरगॅनिक केमिस्ट्रीत त्याचा जीपीए बसला. मग नर्सिंगला अर्ज केला, तर ते म्हणाले, ऑरगॅनिक आम्हाला नकोच होतं. आम्हाला हवं ते अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी कुठंय, न्यूट्रिशन कुठंय? चार वर्षं बायोलॉजी करून पोरगा आता रोज संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात जातोय, ते भरून काढायला."

"पण दार उघडं राहिलं की नाही?"

"राहिलं. आत जायचं तेवढं राहिलं."

हॉलमध्ये हशा पिकला. काकाही हसले, पण जरा उशिरा. मग भाचीकडे वळून म्हणाले, "बरं, मग तू काय घेणार?"

"स्पॅनिश."

काकांचा अंगठा लाल रंगावर गेला. पोरगी मात्र शांतपणे सांगत होती. शनिवारी ती एका हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून जाते. तिथे एक आजी सारखी बेल दाबत होती. पाणी दिलं, उशी बदलली, तरी बेल चालूच. शेवटी हिनं शाळेतल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, तर आजीला फक्त मुलगा किती वाजता येणार ते हवं होतं. पाच वाजता, असं सांगितल्यावर बेल थांबली.

काका गप्प. पोरीनं तेवढ्यात विचारलं, "काका, तुमचं मेजर काय होतं?"

"आमच्या वेळी मेजरबिजर नव्हतं. बॉटनी स्पेशल."

"आणि नोकरी?"

"इन्शुरन्स कंपनीत. डेटाबेस."

बॉटनी अगदीच वाया गेली असंही नाही. थंडी पडली की काका कढीपत्त्याची कुंडी गॅरेजमधून घरात आणतात आणि मार्चपर्यंत दिव्याखाली जपतात. एडिसनमधल्या निम्म्या मराठी फोडण्या त्या रोपाच्या पिल्लांवर चालतात. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज रात्री बारापर्यंत बसून भरून देतात तेही हेच. माणूस कामाला कधीच नाही म्हणत नाही. अडचण एकच, की काम नसलं तरी नाही म्हणत नाही.

भाचीनं स्पॅनिशच घेतलं, जोडीला तिचे ते सगळे कोर्सही चालू आहेत. काकांनी शीट बदललं असेल असं मला वाटलं नव्हतं, पण परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोला सोडायला गेलो तेव्हा दारातच त्यांचा आवाज कानावर आला. समोर नववीतल्या मुलाची आई, हातात वाण.

"स्पॅनिश! दुसरा विचारच करू नका. मी तर पहिल्यापासून हेच सांगत आलोय."

"अहो, पण त्याला पायलट व्हायचंय."

"होऊ दे की," काका म्हणाले. "नर्सिंगचं दार उघडं राहील."