उधारीची आंतरराष्ट्रीय वही

मिरजेच्या मामांनी मागितलं होतं ते एवढंच. "उधारी मांडायला काहीतरी करून दे. नाव, रक्कम, तारीख. बास." मामांचं किराणा दुकान, गिऱ्हाईक सगळं गल्लीतलं. दोन संध्याकाळींचं काम.

पण त्याच आठवड्यात कंपनीत आमचं 'आय-एटीन-एन'चं प्रशिक्षण झालं. इंटरनॅशनलायझेशन हा इंग्रजीतला वीस अक्षरांचा शब्द लिहायचा कंटाळा येतो, म्हणून पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवायचं आणि मधे अठराचा आकडा घालायचा. आपल्याच धंद्याचं नाव पुरतं न लिहिणाऱ्या मंडळींनी मला जगाची काळजी वाहायला शिकवलं.

मी वाहिली. उद्या मामांची शाखा कुवेतला निघाली तर? तिथला एक दिनार म्हणजे १००० फिल्स, तेव्हा दशांशानंतर तीन घरं. जपानी येनला एकही नको. अरबीसाठी अख्खी खिडकी उजवीकडून डावीकडे फिरवली. जर्मन शब्द मावेनात म्हणून बटणं रुंद केली. तुर्कीत छोटा 'आय' मोठा केला तरी डोक्यावरचा ठिपका जात नाही. त्या ठिपक्यापायी माझा एक रविवार गेला. सामोआ देशाने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच कॅलेंडरातून उडवला, तेव्हा त्या तारखेला तिथे कुणाला उधारी मिळणार नाही असा बंदोबस्त केला. मामांनी फोनवर शांतपणे विचारलं, "सामोआवाल्यांचं आपल्याकडे खातं आहे का?"

दोन संध्याकाळींचे चार महिने झाले.

पहिल्या महिन्याची बेरीज पडद्यावर 125,000 अशी उमटली. मामा चष्मा वर करून म्हणाले, "हे सव्वाशे कुठले?" लाखाचा स्वल्पविराम कुठे पडतो हे मी जगाच्या नादात विसरलो होतो. तेही एक वेळ चाललं असतं. पण मग काळे आले.

मामा शाळेत शिकलेले, त्यामुळे त्यांचा ळ 'ह'च्या पुढे. त्यांनी काळ्यांना कासारांच्या खाली शोधलं. युनिकोडमध्ये ळ बसतो 'ल'च्या शेजारी, आणि मी नावं निव्वळ त्या क्रमाने लावलेली. काळे वर, कावळ्यांच्याही आधी बसले होते. मामांना वाटलं, खातं नाहीच. त्यांनी नवं उघडलं. काळ्यांनी पैसे भरले ते नव्या खात्यावर, आणि मामांनी तगादा लावला तो जुन्यावरून. जर्मन नावांच्या क्रमवारीचे नियम मी वाचून घातले होते. मराठीचे राहिले. घरचंच आहे, बघू, असं वाटलं असणार.

काळे पावती घेऊन दुकानात आले तेव्हा मी गल्ल्यामागेच उभा होतो. मामींनी माझी 'पुण्याचा इंजिनिअर' अशी ओळख करून दिली, ती मला टाळता आली असती तर बरं झालं असतं.

सध्या दुकानात पुन्हा लाल वही आहे. पहिल्या पानावर माझं नाव आहे: भाजणी, दोन किलो, येणे बाकी.