नाकाखालचा कॅरिबियन

आमच्या घराण्यात मिशी उतरवायला एकच कारण चालतं, आणि ते कारण गेल्या मे महिन्यात सांगलीजवळच्या आमच्या गावी, वयाच्या ८६ व्या वर्षी, रात्री दोन भाकरी खाऊन वर तांब्याभर ताक पीत होतं. बाप डोक्यावर असताना ओठावर वस्तरा फिरवायचा नाही. अकरावीपासून मी हा नियम पाळत आलो. पुढे ३४ वर्षं बँकेत कॅशियरच्या पिंजऱ्यात बसलो. जाळीतून गिऱ्हाइकाला माझा जेवढा भाग दिसायचा, त्यात मिशीच प्रमुख होती. नाव विसरलेले लोक 'ते मिशीवाले साहेब' म्हणायचे. मी साहेब कधीच नव्हतो. तो सगळा मिशीचा मान.

तर लेक-जावई अटलांटाला असतात. त्यांनी मायामीहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर आम्हा दोघांना चढवलं. जहाजात वर घसरगुंड्या, खाली जुगार आणि मध्ये चोवीस तास जेवण. ग्रँड केमन बेटावर 'हेल' नावाचं गाव आहे. तिथल्या पोस्टातून मी आमच्या जुन्या ब्रँच मॅनेजरांना कार्ड टाकलं, "इथे आलो आणि तुमची आठवण झाली." तेवढं पुण्य गाठीला बांधून आम्ही मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागलो. नावाचा मूळ माया अर्थ पाकोळ्यांची जागा. एके काळी माया बायका होड्या वल्हवत इश्चेल देवीच्या दर्शनाला इथे यायच्या. आता धक्क्यावर उतरलं की पहिलं दर्शन हिऱ्यांच्या दुकानाचं होतं. दुसरंही. तिसऱ्याला बायको आत गेली, म्हणून मी जावईबापूंबरोबर निमूट स्कूबाला गेलो.

मालवणला हाच प्रसंग आला होता, तेव्हा मी सर्दीचं कारण सांगून सुटलो होतो. सर्दीत खरोखरच बुडी मारू देत नाहीत, कारण कान चोंदतात. पण एक सर्दी किती वर्षं पुरवायची? शिवाय लेकीने आरोग्याचा फॉर्म दोन महिने आधीच सांगलीला पाठवला होता. पंचेचाळिशी उलटलीय का, रक्तदाब आहे का, दमा, फिट, कानाचं ऑपरेशन? काही प्रश्नांना 'हो' म्हटलं की डॉक्टरची सही हवी. आमच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, छातीला नळी लावून दोनदा 'हं' म्हणाले आणि विचारलं, "खाली बघायला काय आहे?"

"मासे."

"ते मंडईत मिळतात," म्हणून त्यांनी सही केली.

शिकवणारा तिशीतला, दंडावर कासव गोंदलेला पोरगा होता. मी त्याला मनातल्या मनात गुरुजी म्हणू लागलो. गुरुजींनी पाठीवर सिलिंडर चढवलं तेव्हा पहिला धक्का बसला. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे, ते तरावं म्हणून. इथे पाठीला डबा बांधतात तो बुडावं म्हणून. तरीही चरबी तरंगते असं सांगून कमरेला शिशाचे तुकडे लावले. दोन लावले, मी तरंगलो. चार लावले, तरंगलो. सहाव्या तुकड्याला गुरुजींनी माझ्याकडे आदराने पाहिलं.

नियम तीनच. पहिला कानाचा. खाली जाताना पाण्याचा दाब कानात रुततो, म्हणून दर थोड्या वेळाने नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळा होतो. आपल्याकडे नाक दाबलं की तोंड उघडतं, इथे कान उघडतो. दुसरा खुणेचा. अंगठा वर करायचा नाही. त्याचा अर्थ 'झकास' नसून 'मला वर न्या' असा आहे. तिसरा नियम मात्र मला एकदम पटला. श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली हवा छातीत कोंडून तसंच वर आलं, तर ती पृष्ठभागापर्यंत दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. दामदुप्पट! आमच्या बँकेत त्यासाठी आठ-नऊ वर्षं थांबावं लागायचं आणि फुप्फुस शाबूत राहायचं.

मग कमरेइतक्या पाण्यात शिकवणी सुरू झाली, आणि इथून पुढचा दीड तास माझ्या मिशीचा आहे.

मास्क लावला, डोकं पाण्यात घातलं, आणि नाकात कॅरिबियन समुद्र आला. वर आलो, खोकलो. गुरुजींनी पट्टा आवळला. पुन्हा खाली, पुन्हा समुद्र. दुसरा मास्क दिला. समुद्र तोच. मग त्यांनी माझ्या नाकाखाली व्हॅसलिनचा असा थर दिला, की लग्नात नवरदेवाला हळदसुद्धा इतक्या मायेने लावत नाहीत. खाली गेलो. या वेळी पाणी हळूहळू, ओळखीचं झाल्यासारखं आत आलं. डोळ्यांत खारं, घशात खारं, आणि शेजारी आठ वर्षांची एक अमेरिकन पोरगी नुसती नळी लावून बदकासारखी फिरतेय. तिने वर येऊन आपल्या आईला काहीतरी सांगितलं. दोघींनी माझ्या ओठाकडे बघितलं.

गुरुजींनी निदान केलं. मास्कची मऊ कडा कातडीला चिकटली की पाणी थांबतं. केसांना ती चिकटत नाही. एकेका केसाशेजारून बारीक वाट राहते. माझ्या ओठावर तर हमरस्ता होता. "नाकाखालची एवढीच पट्टी," म्हणून त्यांनी बोटाने दाखवलं आणि डब्यातून प्लॅस्टिकचा रेझर काढला. रेझर डब्यात तयारच होता. म्हणजे मी पहिला नव्हतो.

जावयाचा चेहरा पडला. पोरगा पुण्यात वाढलेला, पण त्यालाही नियम माहीत. "बाबा, राहू दे. आपण काचेच्या तळाच्या बोटीत बसू."

मलाही तेच हवं होतं. पण ती आठ वर्षांची पोरगी बघत होती.

मी आबांना फोन लावला. माझ्या मनगटावर जहाजाची वेळ साडेदहा, मोबाइलमध्ये बेटाची साडेनऊ, सांगलीत रात्रीचे आठ. कोणतीही धरली तरी वेळ वाईटच होती. आबा व्हिडिओ कॉल घेतात, पण फोन कानाला लावून घेतात, त्यामुळे गेली चार वर्षं मी त्यांच्या डाव्या कानाशी बोलतोय. त्या कानातले पांढरे केस मला पाठ झालेत.

"आबा, एक विचारायचं होतं. मिशी काढावी लागतीय."

कान गप्प झाला. मग म्हणाला, "का रं? कुणी सक्ती केली?"

मी मास्क, पाणी, कडा, सगळं समजावलं. मागे टीव्हीवर कुणाचं तरी भांडण चाललं होतं.

"मग काढ की. मिशी म्हंजे काय सातबाऱ्यावर चढवलीय व्हय?"

"पण आबा, आपल्यात..."

"म्हाईत हाय आपल्यात काय ते. मी गेल्यावर काढणारच हाईस. तवा मला कुठं बघाया मिळणार, कसा दिसतोस ते? आत्ता काढ."

आणि फोन ठेवला. त्यांना ताक प्यायचं होतं.

मी थोडा वेळ तसाच कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. मास्कमध्ये पुन्हा पाणी आलं. मास्क हातात होता, तरी.

वस्तरा जावयाने चालवला. हे वाक्य लिहितानाही माझा हात थरथरतो. आधी नाकाखालची पट्टी गेली. आरशात बघितलं तर उरलेली मिशी ओठाला झालर लावल्यासारखी लोंबत होती. ती थोडी वरून घेतली, तर उजवी बाजू जड झाली. उजवी घेतली, तर डावी वर गेली. दोन मांजरांचं लोणी सारखं वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट जावई लहानपणी नीट शिकला असावा. दहा मिनिटांनी वाटून द्यायला काही उरलं नाही. वरचा ओठ चाळीस वर्षांत उजेडाला आलेला नव्हता. तो कोवळा, पांढरा आणि घाबरलेला दिसत होता.

पण मास्क बसला. एक थेंब आला नाही.

बोट पॅरडाइज नावाच्या प्रवाळावर गेली. क्रूझच्या धक्क्यापासून ते काही फार लांब नाही. आम्हा बिनसर्टिफिकेटवाल्यांना बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. कोझुमेलला पाण्यालाच ओढ असते. पाय मारावे लागत नाहीत; आपण तरंगायचं, प्रवाह पुढे नेतो आणि बोट वरून मागोमाग येते. आयुष्यात प्रथमच मला काही न करता प्रगती साधत होती. स्वतःच्या श्वासाची घरघर सोडली तर आवाज नाही. निळे, पिवळे, जांभळे मासे माझ्याकडे बघून पुढे जात होते. त्यांना मी पहिल्यापासून असाच वाटत असणार.

मध्येच मेंदूसारख्या वळ्यांचा, माणसाएवढा एक प्रवाळगोळा आला आणि त्याची अर्धी बाजू चुन्यासारखी मेलेली होती. प्रवाळ पोखरणारा एक रोग २०१४ मध्ये फ्लोरिडात दिसला आणि २०१८ मध्ये इथे पोचला. पुढच्याच वर्षी दक्षिणेकडची काही प्रवाळं पर्यटकांना काही काळ बंद ठेवावी लागली. १९९६ पासून हे सगळं संरक्षित राष्ट्रीय उद्यान आहे. हातमोजे घालायला बंदी, म्हणजे कुणी प्रवाळाला धरणार नाही. सनक्रीमला बंदी, तर सकाळी गुरुजींनी माझ्या मानेवरचं पुसायला लावलं होतं. आणि वर धक्क्याला, ढिगाने माणसं ओतणारी जहाजं रांगेत उभी. मानेवरची बोटभर क्रीम पुसून आलेला मी त्यातल्याच एका जहाजातून उतरलो होतो. राग आला, पण तो कुणावर काढायचा हे पाण्याखाली पटकन सुचत नाही.

तेवढ्यात गुरुजींनी दंड धरला आणि एका कपारीकडे बोट दाखवलं. आत अंधारात एक चपटं, रुंद डोकं. त्यावर पांढरे-काळे पट्टे, परांना पिवळीधमक किनार, आणि तोंडाभोवती मांसल मिशा-दाढीची भरघोस झालर. स्प्लेंडिड टोडफिश, खास कोझुमेलचा म्हणून ओळखला जाणारा मासा. दिवसभर बिळाच्या तोंडाशी बसतो, बाहेर येत नाही, मध्येच घुर्रर्र करतो. जाळीच्या आत मिशी घेऊन बसलेलं हे ध्यान मला एकदम ओळखीचं वाटलं. काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं असताना आलेल्या गिऱ्हाइकाकडे मी असाच बघायचो. इतका आनंद झाला की मी दोन्ही अंगठे वर केले, आणि गुरुजींनी मला तत्काळ वर नेलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. आमच्या टेबलाचा वेटर वेंगुर्ल्याचा. रोज हसत पाणी ओतणारा पोरगा माझ्याकडे बघून थबकला. जग खाली ठेवला, जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका... ह्यां कधी झालां?"

मला आधी कळेचना. मग बायकोने कपाळावर हात मारला. मी घाईघाईने सांगितलं, अरे, आबा चांगले आहेत, ताक पितात. त्याने 'समजलं' अशी मान हलवली, पण काही समजला नाही. त्या रात्री आमच्या टेबलावर न मागता खीर आली. तोंड गोड करायला नव्हे, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी जहाज भर समुद्रात होतं. वायफायचे पैसे भरून आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दिवेलागण झालेली. नेहमीसारखा कान आला.

"आबा, फोन कानापासून लांब धरा. काढलीय. बघा."

कान हलला. पडद्यावर आढं फिरलं, कोनाड्यातला देव फिरला, आणि मग आबांचा आख्खा चेहरा आला. चष्मा, पांढरी मिशी, सगळा. चार वर्षांनी. ते बघत राहिले. नेट अडकलं असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"वरचा ओठ आईचा हाय तुझ्या," ते म्हणाले. "मला वाटलं व्हतं, गेला तिच्यासंगं."

मग थोडं थांबून, "बघितला. आता वाढव परत. मी हाय अजून."

आणि त्यांनी सवयीने फोन पुन्हा कानाला लावला.