आधी हरणी, मग शिंगवाला

"वैनी, रात्री तुमच्या हरभऱ्यात परत हरणं शिरलती म्हणं!"

कुपाटीवरून आक्काचं डोकं वर आलं. मी "होय" म्हणेपर्यंत तिची गाडी अमेरिकेला पोचलीसुद्धा. तिचा पुतण्या तिकडं विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. खटकचिंचोळीत कुणाची म्हैस आटली हे त्याला तिथं कळतं, आणि तिकडच्या बातम्या भालकीच्या बाजाराआधी आमच्या परसात येतात.

"त्याच्या हाफिसात ह्या आठवड्यात चिटपाखरू न्हाई. समदे हरणं मारायला गेल्यात. साहेब, साहेबाची बायको, समदे."

नोव्हेंबर सरत आला की तिथं नऊ दिवस बंदुकीच्या शिकारीचा हंगाम असतो. अंगावर भडक नारिंगी कपडा सक्तीचा, नाहीतर झुडपात हललं ते हरीण की कुणाचा मामा, हे कळायचं नाही. २०१६ पासून भडक गुलाबीसुद्धा चालतो, ही माहिती आक्कानं विशेष चवीनं पुरवली.

"पर खरी गंमत पुढंच हाय. मधी तिथं कायदा हुता. आधी हरणी मारायची, ती नेऊन दाखवायची, वहीत नोंद करायची. मगच शिंगवाला मारायची चिठ्ठी. चिठ्ठी नसंल तर शिंगवाला नाकासमोर येऊन खोकला तरी बंदूक खाली!"

मला रागच आला. "म्हणजे तिथंबी बाईमाणसाचाच नंबर आधी काय?"

आक्का हसली. शेणाचा हात कुपाटीच्या काठीला पुसत म्हणाली, "तुमी शेळ्या पाळल्या न्हाईत वैनी, म्हणून बोलायलाव. माज्याकडं बोकड एकच ठिवते. बाकीचे ईदला इकते, जत्रेला इकते. म्हणून कळप कमी झाला का कदी? वाढलाच की. शेळी इकली की मातर पुढच्या साली दावण मोकळी."

इतकं साधं! एक नर दहा माद्यांना पुरतो. त्यामुळं शिंगवाले कितीही पाडले तरी रानातली हरणं कमी होत नाहीत, आणि तिकडची पांढऱ्या शेपटीची हरणी तर पोटभर चारा मिळाला की बहुतेक जुळीच देते. मका, सोयाबीन फस्त, रस्त्यावर मोटारींना धडका. शिकारी मात्र जन्मभर भिंतीवर टांगायच्या शिंगांची स्वप्नं बघणार. म्हणून १९९६ साली तिथल्या खात्यानं काही भागांत हा नियम लावला. ‘अर्न अ बक’ म्हणतात त्याला. पुढं २००२ मध्ये तिथल्या हरणांत मेंदू पोखरणारा, जनावर खंगवून मारणारा रोग सापडला, तेव्हा कळप विरळ करायला हाच नियम पुन्हा कामाला आला. खात्यातल्या शास्त्रज्ञांनी तक्ते मांडून जे ठरवलं, ते आमच्या आक्कानं शेणाच्या हातानं सांगितलं. (तिला पगार नाही, एवढाच फरक.)

"मग आता न्हाई का तो कायदा?"

"मोडला की. २०११ ला. बापय लई चिडलते म्हणं. आयुष्यात एकदा दिसावा असा शिंगवाला समोर, अन् खिशात चिठ्ठी न्हाई! मग घरी येऊन बायकोवर चिडचिड. इधानसभेनंच खात्याला सांगितलं, फुरं करा."

नियम हरणांच्या मानानं बरोबर होता, पण माणसांच्या हौसेपुढं त्याचं काही चाललं नाही, असं माझं मत झालं. तेवढ्यात दुधाची किटली घेऊन शेजारचे मास्तर आले. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कुठं चार शब्द चालले असले की त्यांना तास घ्यावासाच वाटतो.

"आपल्याकडं तसलं काही नाही बरं का! आपली ही हरणं म्हणजे काळवीट, पहिल्या अनुसूचीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. नर, मादी, पाडस, सगळं सारखंच. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, वर पंचवीस हजारांच्या पुढं दंड. माणसाच्या जिवावर उठलं किंवा बरं न होणारा आजार असला तरच वरून परवानगी. हरभरा खाल्ला हे कारण धरत नाहीत."

"सलमान खानचं काय झालं मग?" आक्कानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"१९९८ ची शिकार, २०१८ ला पाच वर्षांची शिक्षा."

"आन् जामीन?"

"दोन दिवसांत."

मास्तरांनी किटली दुसऱ्या हातात घेतली आणि विषय टेक्सासला नेला. १९३२ साली तिथं आपली काळविटं नेऊन सोडली, ती चांगलीच फोफावली. आज तिथल्या खासगी कुरणांवर लोक पैसे मोजून त्यांची शिकार करतात.

"बगा! माज्या भाच्याला दोनदा व्हिसा नाकारला, अन् हरणं तिथं जाऊन घरदार करून बसलीत," आक्का म्हणाली.

इकडं त्यांच्या मागं धावणारा चित्ता तर कधीचाच संपला; १९५२ साली सरकारनं तसं जाहीरही केलं. निजामाच्या राज्यात पाळलेले चित्ते सोडून काळविटांची शिकार व्हायची. आता लांडगे उरले थोडके, आणि रात्रभर शेकोटी पेटवून, पत्र्याचा डबा बडवत बसणारा शेतकरी. भरपाई मागायची तर पहाणीची नक्कल, फोटो, पंचनामा.

"मास्तर, समजा परवानगी दिली, तर?" मी विचारलं.

उत्तर आक्कानंच दिलं. "काय व्हतंय? आपली पोरं आधी काळाच पाडतील. पिळाची शिंगं, काळं कुळकुळीत अंग. लगीच फोनवर फोटू, सरपंचाला, पावण्याला, भालकीला, उदगीरला. अन् भुऱ्या हरण्या तुमचा हरभरा खातच ऱ्हातील. वर पोटात पिल्लू."

मास्तर काही बोलले नाहीत. दूध नासेल म्हणून निघाले.

ते वळणावर गेल्याची खात्री करून आक्का कुपाटीला आणखी खेटली. आवाज खाली. "तुमी शेताला साड्या बांधल्यात का न्हाई? फडफडलं की हरणं बिचकतेत चार दिवस. पर जुन्याच बांधा हं. त्या वरच्या आळीत सुनंनं पेटीतली जी हाताला आली ती नेऊन बांधली. निघाली सासूच्या लग्नातली. सासू तुरीला गेली, तर बांधाला आपला शालू!"

"मग?"

"मग काय, सोडून आणली, धुतली, अन् काल त्यीच नेसून सासू पंगतीला आलती. सुनेच्या समोरच बसली जेवायला."